आधी पातळ काप, मग रसायन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे चौथे वर्ष 'संशोधनासह' करता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. भूशास्त्र घेतलेल्या गोव्यातल्या मुलांचे विषय यातून कोणते निघतात हे पाहिले की काळजी वाटते. 'दक्षिण गोव्यातील अग्निज खडकांचा भूरासायनिक अभ्यास' किंवा 'सत्तरी तालुक्यातील रूपांतरित खडक' असा विषय ठरतो. एका वर्षात एवढा मुलूख चालूनही होत नाही. मग तालुकाभरातून बारा-पंधरा दगड गोळा होतात, बाहेरच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफला (क्ष-किरणांनी केलेल्या रासायनिक पृथक्करणाला) जातात, आकडे येतात, ते तयार आलेखांवर टाकले जातात आणि प्रबंधाला बांधणी होते. दगड सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिलेलाच नसतो.

आमचे म्हणणे एवढेच, की प्रकल्प एका उघड्या खडकाचा आणि एका प्रश्नाचा असावा, आणि रसायनाच्या आधी पातळ काप, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून आरपार पाहता येईल इतकी घासून पातळ केलेली दगडाची चकती, व्हावा. तो कसा, हे जरा तपशिलात सांगतो.

पहिली अडचण जांभ्याची. गोव्यात सड्यावर, डोंगर-उतारावर, घराच्या पायाखाली जांभा असतो आणि मूळ खडक त्याच्या खाली कित्येक मीटर कुजलेला असतो. कुजलेल्या ग्रॅनाईटमध्ये फेल्डस्पार या मुख्य खनिजाची माती झालेली असते. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून गेलेले असतात आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे उरलेले असते. असा नमुना कितीही चांगल्या यंत्रात घातला तरी उत्तर कुजण्याचे मिळते, खडकाचे नाही. म्हणून ताजा खडक मिळणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: लाटांनी घासलेले किनाऱ्यावरचे खडक, फेब्रुवारी ते मे या काळात उघडे पडणारे नद्यांचे तळ, खडीच्या खाणी आणि रस्त्यासाठी कापलेले डोंगर. चिऱ्याच्या खाणीत जाऊन उपयोग नाही, तिथे जांभाच निघतो.

किनाऱ्यावरच्या जागांना वाळूचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर ती हळूहळू परत भरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वच्छ दिसणारी डाइकची (खडकात घुसून थिजलेल्या रसाच्या भिंतीची) कड मार्चमध्ये वाळूखाली गेलेली असू शकते. त्यामुळे 'परीक्षा झाल्यावर एप्रिलात जाऊ' हा बेत किनाऱ्यावर फसतो. मुरगाव बंदराचे भरती-सुकतीचे तक्ते पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची सुकती गाठावी. त्या दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते, पण परत येतेही वेगाने. एकट्याने जाऊ नये.

आणखी एक सावधगिरी. समुद्राच्या धक्क्यांना आणि संरक्षक भिंतींना टाकलेले मोठे धोंडे कुठल्या तरी खाणीतून ट्रकने आलेले असतात. वर्षानुवर्षे शेवाळ धरून ते अगदी तिथलेच वाटतात. धोंडा खालच्या खडकाला जोडलेला आहे हे दिसल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगायला हवा.

आता प्रश्न कोणता घ्यावा ते. गोव्यात एका विद्यार्थ्याला झेपतील असे उत्तम विषय आहेत, आणि त्यांत आमच्या मते सर्वांत वर डाइक. डाइक म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत वितळलेला रस घुसून थिजलेली भिंत. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या दख्खन जातीच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या लाव्हाशी जुळणाऱ्या, डाइकांचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय २००० साली प्रसिद्ध झाले. ते ६ कोटी २८ लाख वर्षे आहे, दोन लाखांच्या फरकाने. डायनासोर नाहीसे झाले ती सीमा ६ कोटी ६० लाखांच्या आसपासची, म्हणजे हे डाइक त्यानंतरचे. पण गोव्यातला प्रत्येक काळा पट्टा दख्खनचा नाही. काही त्याहून फार जुने आहेत आणि आजूबाजूच्या खडकांबरोबर रूपांतरित झालेले, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेले, आहेत. हातात दोन्ही काळेच दिसतात. पातळ कापात मात्र दख्खनच्या डोलेराइटमध्ये (डाइकच्या काळ्या दगडात) ताजे पायरॉक्सिन हे खनिज आणि त्यात अडकलेल्या प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या पट्ट्या दिसतात, तर जुन्या डाइकमध्ये पायरॉक्सिनच्या जागी हिरवट अ‍ॅम्फिबोल, क्लोराइट, एपिडोट ही खनिजे येतात. हा फरक एका कापात अर्ध्या तासात कळतो. रासायनिक पृथक्करणाचे पैसे भरण्याआधी तो कळलेला बरा.

एक डाइक घ्यावा आणि एवढेच विचारावे: कडेपासून मध्यापर्यंत स्फटिकांचा आकार कसा बदलतो? कडेचा रस थंड खडकाला टेकून झटकन थिजतो, म्हणून तिथे कण बारीक. मध्ये जास्त वेळ मिळतो, म्हणून मोठे. रुंदी दुप्पट झाली तर थंड होण्याचा काळ साधारण चौपट होतो. एक मीटरचा डाइक काही दिवसांत गोठतो, दहा मीटरचा वर्षाच्या हिशोबात. तीन मीटर रुंदीच्या डाइकमध्ये अगदी कडेला एक नमुना, मग कडेपासून ५, १५, ३० आणि ६० सेंटिमीटरवर, मग मध्यावर, आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा निदान कड आणि ३० सेंटिमीटर. आठ नमुने, आठ काप. प्रत्येक कापात प्लॅजिओक्लेजच्या शंभर पट्ट्यांची लांबी मोजायची आणि मध्यक द्यायचा. सरासरी नको, कारण रसाबरोबर आधीच तयार होऊन आलेले दोन-चार मोठे स्फटिक सरासरी बिघडवून टाकतात.

यात चुकते कुठे? पहिले म्हणजे रुंदी. टेप डाइकच्या दिशेला काटकोनात धरला नाही तर रुंदी फुगते. टेप आणि डाइकची दिशा (स्ट्राइक) यांत ३० अंशांचा कोन असेल तर चार मीटर वाचलेली रुंदी खरी दोनच मीटर असते. डाइक उभा नसून कललेला असेल तर त्याचा हिशोब आणखी वेगळा. दुसरे, कड. थिजलेली कड भेगाळलेली असते, तीच आधी झिजते. पुष्कळदा जिला कड समजून नमुना घेतला जातो ती प्रत्यक्षात १०-१५ सेंटिमीटर आत असते. शेजारच्या खडकाचा तुकडा चिकटलेला असेल तोच नमुना कडेचा धरावा. तिसरे, दोन वेळा मिळून भरलेला डाइक. मध्येच बारीक कणांची रेघ दिसली तर पहिल्या डाइकच्या पोटात दुसरा घुसलेला असतो आणि सरळ चढता आलेख मिळत नाही. विद्यार्थी असे आकडे 'चुकीचे' म्हणून टाकून देतात. प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच असते.

दुसरा विषय काणकोणच्या ग्रॅनाईटचा. पाळोळेच्या बाजूला दिसणारा हा दगड मोठ्या पोटॅश फेल्डस्पारांचा आहे. त्यातले स्फटिक एवढे मोठे, की एका पातळ कापावरून खनिजांचे प्रमाण काढणे व्यर्थ आहे. काप सगळा मिळून काही चौरस सेंटिमीटरचा, त्यात एखादाच मोठा फेल्डस्पार येईल किंवा एकही येणार नाही. इथे मोजणी उघड्या खडकावरच करावी. एक मीटर बाय एक मीटरची चौकट, तिच्यात दर ५ सेंटिमीटरवर दोरा. आतले छेदबिंदू ३६१ होतात. प्रत्येक बिंदूखाली मोठा फेल्डस्पार आहे की भोवतालचा बारीक भाग, एवढेच टिपायचे. अशा पाच-सहा चौकटी वेगवेगळ्या जागी. भोवतालच्या बारीक भागाचे प्रमाण मात्र पातळ कापात मोजावे आणि दोन्ही जोडून क्वार्ट्झ (गारगोटी), पोटॅश फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज यांच्या प्रमाणांच्या त्रिकोणी आलेखात खडकाचे नाव ठरवावे.

बिंदू किती मोजायचे याचा हिशोब सोपा आहे आणि तो प्रबंधात दिसतच नाही. एखादे खनिज ३० टक्के असेल आणि ४०० बिंदू मोजले तर उत्तरात साडेचार टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. १००० बिंदू मोजले तर तीन टक्क्यांच्या आत. मग '३१.४७ टक्के क्वार्ट्झ' असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ राहत नाही. दोन बिंदूंमधले अंतरही मोठ्यात मोठ्या कणाएवढे तरी हवे, नाहीतर तोच कण तीनदा मोजला जातो.

वयाच्या आकड्यांचेही असेच. काणकोण ग्रॅनाईटचे रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीचे वय २३९.५ कोटी वर्षे म्हणून सर्रास उतरवले जाते, पण त्याच्याबरोबर दिलेला फरक ३९ कोटींचा आहे. तो गाळून आकडा लिहिला की शेजारच्या खडकाहून हा तरुण की म्हातारा, असल्या निरर्थक चर्चा सुरू होतात. कोणता खडक कोणाला कापून जातो हे जागेवर पाहिले तर ते उत्तर फुकट मिळते.

याच ग्रॅनाईटमध्ये मोठ्या फेल्डस्पारांची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे ते शंभर स्फटिकांवर मोजता येते. दिशा एकसारखी निघाली तर प्रश्न उरतो, की रस वाहताना ते लागले, की घट्ट झाल्यावर दाबाने? उत्तर पातळ कापात आहे. क्वार्ट्झमध्ये लाटांसारख्या छटा दिसत असतील, त्याचे छोटे तुकडे पडलेले असतील, फेल्डस्पार तडकलेले असतील, तर घट्ट झाल्यावरचा दाब. क्वार्ट्झ स्वच्छ असेल आणि फेल्डस्पार धडधाकट, तर वाहता रस. होकायंत्राने मोजताना हातोडा आणि मोबाइल लांब ठेवावेत. डिचोली-सांगेकडच्या लोहखनिजाच्या पट्ट्यांत तर होकायंत्रावर विश्वासच नको, कारण मॅग्नेटाइट सुई ओढते. तिथे नकाशावर सापडणाऱ्या दोन लांबच्या खुणांवरून दिशा काढावी.

रूपांतरित खडकांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. १९८५ साली मांडलेल्या वर्गीकरणात गोव्यातल्या जुन्या थरांना बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी अशी इथल्याच जागांची नावे आहेत. त्यांतले रूपांतर बहुतेक ठिकाणी हलके, 'ग्रीनशिस्ट' पातळीचे, म्हणजे ढोबळमानाने ३०० ते ५०० अंश सेल्सियस. हरमलच्या किनाऱ्यावरचा मेटाबेसाल्ट, म्हणजे रूपांतरित बेसाल्ट, घ्या. एका कापात क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट, एपिडोट, आल्बाइट ही खनिजे. काही मीटरवरच्या दुसऱ्या कापात अ‍ॅक्टिनोलाइट नाही, क्लोराइट आणि कॅल्साइट भरपूर, असे होऊ शकते. विद्यार्थी लगेच लिहितो, 'दुसऱ्या जागी तापमान कमी होते.' एवढ्याशा अंतरात तापमान बदलत नाही. दगडातून गेलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असला की कॅल्शियम कॅल्साइटमध्ये जाते आणि अ‍ॅक्टिनोलाइट तयारच होत नाही. पातळ आम्लाचा थेंब टाकून कुठे फसफसते याचा नकाशा किनाऱ्यावरच काढला, त्यावर भेगा आणि शिरा मांडल्या, तर एक चांगला प्रकल्प त्यातच होतो. दोनापावलच्या काळपट ग्रेवॅकला (गाळाच्या वाळूखडकाला) बेसाल्ट म्हणणारेही पुष्कळ भेटतात. भिंगातून पाहिले तर क्वार्ट्झचे घासलेले कण आणि थर दिसतात, एवढेच सांगून पुढे जातो.

आता पातळ काप. जाडी ०.०३ मिलिमीटर. पदर असलेल्या दगडाचा काप पदरांना काटकोनात आणि खनिजांच्या रेषेला समांतर घ्यावा. पदरांच्या सपाटीत कापला तर नुसता अभ्रक दिसतो. त्यासाठी खडकावरून काढण्यापूर्वीच नमुन्याच्या एका सपाट बाजूवर स्ट्राइक, डिप (कल) आणि वरची बाजू मार्करने काढून ठेवावी लागते. घरी आणून मग आठवायला गेले की संपले. हिऱ्याच्या करवतीने साधारण ४ बाय २.५ सेंटिमीटरची, ५ ते ८ मिलिमीटर जाडीची चकती कापावी. एक बाजू काचेवर सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीने क्रमाने ४००, ६००, १००० नंबरवर (नंबर मोठा तितकी भुकटी बारीक) घासावी. प्रत्येक नंबरनंतर चकती, हात आणि काच धुवायचे. जाड भुकटीचा एक कण पुढच्या टप्प्यात गेला की शेवटपर्यंत ओरखडे राहतात, आणि ते पुढे 'खनिजाची चीर' म्हणून प्रबंधात छापले जातात. चकती पूर्ण वाळवावी, कारण ओल राहिली की चिकट पदार्थात बुडबुडे येतात. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरू नये. सावकाश घट्ट होणारा घ्यावा, काच आधी घासून किंचित खरखरीत करावी, दाबून २४ तास ठेवावे.

मग उरलेला दगड कापून, घासत घासत खाली यायचे. शेवटचे १०० मायक्रॉन (०.१ मिलिमीटर) १००० नंबरवर आणि हलक्या हाताने. एका बाजूला जोर पडला की काप पाचरीसारखा होतो. जाडी ओळखायची ती क्वार्ट्झच्या रंगावरून: सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक (प्रकाश एकाच पातळीत कंपवणाऱ्या पट्ट्या) एकमेकांना काटकोनात ठेवून क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसला तर बरोबर, पिवळसर दिसला तर काप अजून ४० मायक्रॉनच्या आसपास आहे. जाड कापात सगळ्याच खनिजांचे रंग वर सरकतात आणि ओळख चुकते. क्लोराइट-अभ्रकाचे दगड घासताना उपटून येतात. ते आधी पातळ इपॉक्सीत भिजवून घट्ट करावे लागतात. हे काम हाताला बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले पाच-सहा काप वाया जाणार हे धरूनच नमुने जास्त आणावेत.

काप पाहून झाल्यावर, प्रश्नाला खरेच गरज असेल तर रसायन. काणकोणच्या ग्रॅनाईटसारख्या भरड दगडाचा नमुना पाच किलोच्या खाली नको. बारीक बेसाल्टला एक किलो पुरतो. कुजलेली साल पूर्ण काढावी. किनाऱ्यावरच्या दगडात मीठ मुरलेले असते. तुकडे करून ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवावेत, पाणी बदलत राहावे, आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाणी पांढरे होणे थांबेपर्यंत हे करावे. नाहीतर सोडियम वाढलेले येते आणि दगडाचे वर्गीकरणच बदलते. पोलादी कांडपात क्रोमियम, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात कोबाल्ट दळणातून मिसळते. ती मूलद्रव्ये हवी असतील तर अगेटचे (अकीक दगडाचे) भांडे वापरावे. प्रयोगशाळेत पाठवताना एक नमुना दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावा. दोन्ही उत्तरे जुळतात का, हीच त्या आकड्यांची परीक्षा.

आणि आलेख. मेटाबेसाल्टला सिलिका विरुद्ध सोडियम-पोटॅशियमच्या आलेखावर टाकणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. रूपांतरात सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम हलतात. तिथे टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, यिट्रियम यांवरच भिस्त ठेवावी. तीन नमुन्यांवरून 'हा बेसाल्ट बेटांच्या कमानीतला' असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकाने काप दाखवायला सांगावे.

परवानग्यांकडेही दुर्लक्ष होते. बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आहेत. तिथून दगड उचलायला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच गेला पाहिजे. खाणीत व्यवस्थापकाच्या संमतीने, हेल्मेट आणि बूट घालूनच जावे, आणि सुटलेल्या दरडीखाली उभे राहू नये. रेल्वेसाठी कापलेल्या डोंगरांत जाऊच नये. किल्ल्यांच्या तटाखालच्या खडकावर हातोडा चालवू नये. जिथे डाइकची कड सुंदर दिसते तिथेही हातोडा नको, ती पुढच्या वर्षीच्या मुलांनाही पाहायची असते. दोन मीटर बाजूला तोच खडक मिळतो.

शेवटी महाविद्यालयांना एक विनंती. प्रबंध कपाटात राहतो, पण नमुने वर्षाअखेर फेकले जातात. मग पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच किनाऱ्यावर पुन्हा शून्यापासून सुरू करतो. प्रत्येक नमुन्याचा मुठीएवढा तुकडा, त्याचा काप आणि कापातून उरलेली चकती एका क्रमांकाखाली जपावी. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, तारीख, खडकाचे जागेवर ठरवलेले नाव आणि काप पाहून बदललेले नाव, स्ट्राइक-डिप, आणि कोणाच्या परवानगीने घेतला, एवढे असावे. क्रमांक दगडावरही रंगवावा, नुसता पिशवीवर नको, कारण गोव्याच्या दमट हवेत कागदी चिठ्ठी एका पावसाळ्यात गळून पडते आणि कापडी पिशवीवरची शाई पुसते. पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर पारदर्शक वार्निशचा हात. चौथ्या वर्षाच्या मुलांना विषय वाटण्याआधी ही कपाटे सगळ्या महाविद्यालयांनी एकमेकांना खुली केली, तर निम्म्या विषयांचे पहिले काप तयारच मिळतील.

आपले,
भूशास्त्राचे काही शिक्षक, मडगाव